पिशवी काढण्याआधी गाठीचं नाव विचारा

बाईचा कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे दोन नावं पटकन पुढे येतात: स्तनाचा आणि पिशवीच्या तोंडाचा. फार तर अंडाशयाचा. पण बाईच्या जननेंद्रियांत आणखी कितीतरी निराळे कॅन्सर होतात. द्राक्षगर्भातून उद्भवणारा, कोवळ्या मुलींच्या अंडाशयात होणारा, फायब्रॉइडचं सोंग घेऊन वाढणारा गर्भाशयाचा सार्कोमा, योनीमार्गाचा, योनीमुखाचा. वर्षाला लाखात सहापेक्षा कमी जणांना होतो तो दुर्मिळ कॅन्सर, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी ठरवलं आहे. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना असा रुग्ण कित्येक वर्षांत एखादाच भेटतो. म्हणून पहिली शस्त्रक्रिया पुष्कळदा भलताच आजार समजून होते आणि ती निस्तरताना पुढच्या डॉक्टरांचे हात बांधले जातात. यांतले काही कॅन्सर पूर्ण बरे होणारे आहेत, म्हणून तर याची जास्त हळहळ वाटते.

शस्त्रक्रियेला 'हो' म्हणण्याआधी

करा: गाठ नेमकी कसली, हे विचारा. 'कॅन्सर आहे' हे अर्धंच उत्तर झालं. अंडाशयातल्याच गाठींचे डझनावारी प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं औषध, शस्त्रक्रिया, पुढचं आयुष्य वेगळं. अहवालातलं नाव वहीत उतरवून घ्या.

करा: अहवालाचा कागद घेऊन थांबू नका. तपासलेला तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला लॅबमध्ये 'ब्लॉक' म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचेवर असतात, त्या 'स्लाइड'. या दोन्ही वस्तू मागून घ्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात गेल्यावर तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा पाहतात. दुर्मिळ गाठींमध्ये दुसऱ्या नजरेने निदान बदलतं, आणि निदानाबरोबर उपचारही.

करा: ज्या ठिकाणी स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञ, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून रुग्णाचा विचार करतात, तिथे एकदा तरी कागद दाखवा. या बैठकीला 'ट्यूमर बोर्ड' म्हणतात. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कॅन्सर रुग्णालय १९४१ पासून उभं आहे. पण प्रत्येकीने परळचाच रस्ता धरायला हवा असं नाही. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं आणि देशभरातली अनेक रुग्णालयं त्यात जोडली गेली. महाराष्ट्रात बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे कॅन्सरची रुग्णालयं आहेत. निदान आणि उपचारांचा आराखडा मोठ्या ठिकाणी ठरवून पुढचे डोस घराजवळ घेता येतात का, हे स्पष्ट विचारा.

करा: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. दागिने गहाण टाकण्याआधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा.

टाळा: 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' एवढ्या भीतीवर गर्भाशय काढून टाकू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्याच्या चौकशीसाठी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना हीच भीती घालण्यात आली होती, त्यातल्या पुष्कळ अगदी तरुण. ज्या बाईची पिशवी तपासणीशिवाय काढली जाते तिचं नुकसान दुहेरी असतं. कॅन्सर नसेल तर निरोगी अवयव गेला. असेल, तर चुकीच्या पद्धतीने हात लागला.

टाळा: पिशवी किंवा गाठ काढली आणि तपासायलाच पाठवली नाही, असं होऊ देऊ नका. 'साधीच होती' हे डोळ्यांनी पाहून ठरत नाही. शस्त्रक्रियेआधीच नातेवाइकांनी विचारावं: काढलेलं सगळं पॅथॉलॉजीला जाणार ना, आणि अहवाल कधी मिळणार?

द्राक्षगर्भ: वरच्या नियमाला अपवाद

आधी तुकडा तपासा, मग उपचार करा, असं वर सांगितलं. द्राक्षगर्भातून होणाऱ्या कॅन्सरमध्ये मात्र रक्ताची एक चाचणीच पुरते आणि तुकडा काढणं घातक ठरू शकतं. म्हणून या आजारावर जरा थांबून लिहिते.

द्राक्षगर्भात गर्भ नीट वाढत नाही. वारेच्या पेशी फुगून पाण्याने भरलेल्या द्राक्षांच्या घडासारख्या दिसू लागतात. पाळी चुकते, चाचणी 'पॉझिटिव्ह' येते, उलट्या नेहमीपेक्षा जास्त, पोट दिवसांच्या मानाने मोठं, आणि मग अंगावरून रक्त जाऊ लागतं. सोनोग्राफीत उलगडा होतो. सक्शनने पिशवी रिकामी केली की बहुतेकींचा आजार तिथेच संपतो. पण पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या शंभरातल्या साधारण पंधरा ते वीस जणींमध्ये उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. काहींत कोरिओकार्सिनोमा नावाचा कॅन्सर होतो आणि तो फुप्फुसापर्यंत, मेंदूपर्यंत झपाट्याने पोचतो. द्राक्षगर्भच हवा असंही नाही. साध्या गर्भपातानंतर किंवा चांगल्या बाळंतपणानंतरही तो होऊ शकतो.

करा: पिशवी रिकामी केल्यावर 'बीटा एचसीजी' ही रक्तचाचणी दर आठवड्याला करा. आकडा सामान्य होईपर्यंत, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके महिने. बरं वाटतंय, पाळी आली, शेतात काम निघालं, लेकरांची परीक्षा आहे, यांतल्या कोणत्याही कारणाने चाचणी चुकवू नका. आजार उलटतोय हे शरीराच्या आधी हा आकडा सांगतो.

करा: त्या काळात दिवस राहू देऊ नका. नव्या गर्भामुळेही हाच आकडा वाढतो, मग आजार वाढला की बाळ, हे कळेनासं होतं. गोळ्या किंवा निरोध चालतो. आकडा सामान्य होईपर्यंत तांबी बसवू नका. हे पथ्य नवऱ्याने आणि सासूबाईंनीही ऐकायला हवं, कारण 'पहिलं गेलं, आता लवकर दुसरं होऊ द्या' हा आग्रह घरातूनच होतो. जरा दम धरला तर पुढे निरोगी मूल होण्याची शक्यता इतर बायकांइतकीच चांगली असते.

करा: बाळंतपण किंवा गर्भपात होऊन बरेच आठवडे झाले तरी रक्त थांबत नसेल, किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर टीबी-न्यूमोनियाच्या तपासण्यांबरोबर ही चाचणीही करायला सांगा.

करा: रक्तगट निगेटिव्ह असेल तर पिशवी रिकामी केल्यावर 'अँटी-डी'चं इंजेक्शन विचारून घ्या.

टाळा: योनीमार्गात निळसर-जांभळी गाठ दिसली म्हणून तिचा तुकडा काढू देऊ नका. या आजाराच्या गाठी रक्ताने भरलेल्या असतात. सुरी लागली तर रक्तस्राव आवरणं कठीण होतं.

टाळा: किमोचं नाव ऐकून खचू नका. आजार किती जोखमीचा हे गुणांवर ठरतं. शून्य ते सहा गुण म्हणजे कमी जोखीम, सात किंवा अधिक म्हणजे जास्त. कमी जोखमीत मेथोट्रेक्सेटसारखं एकच औषध देतात आणि जवळजवळ सगळ्या जणी बऱ्या होतात. जास्त जोखमीत पाच औषधं मिळून द्यावी लागतात, तरीही तज्ज्ञ केंद्रांत दहातल्या नऊजणी वाचतात. आजार फुप्फुसात पोचलेला असतानाही बाई बरी होऊन घरी जाते, असे कॅन्सर फार थोडे आहेत.

टाळा: मेथोट्रेक्सेट चालू असताना घरात उरलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या 'रक्त वाढेल' म्हणून घेऊ नका. हे औषध पेशीला फॉलिक ॲसिड वापरू देत नाही, म्हणूनच ते कॅन्सरवर चालतं. डॉक्टर मधल्या दिवसांत 'फोलिनिक ॲसिड' देतात. ते निराळं, आणि ते ठरलेल्या वेळीच घ्यायचं. अंगदुखीच्या गोळ्या आणि काढेही विचारल्याशिवाय नकोत. किडनी आणि यकृतावर आधीच ताण असतो.

टाळा: आकडा सामान्य आला की 'आता कशाला' म्हणून उरलेले डोस सोडू नका. या एका सूचनेमागे एका माणसाची नोकरी गेलेली आहे. अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी १९५६ च्या सुमारास मेथोट्रेक्सेट देऊन पसरलेला कोरिओकार्सिनोमा बरा केला. शरीरभर पसरलेली गाठ औषधाने बरी होण्याची ती पहिली उदाहरणं. लीच्या लक्षात आलं की क्ष-किरणात गाठी दिसेनाशा झाल्या तरी एचसीजी या गरोदरपणातल्या हार्मोनचा आकडा थोडा उरलेला असतो. तो शून्यावर येईपर्यंत ली औषध देत राहिला. दिसत नसलेल्या आजारासाठी बायकांना विष पाजतो म्हणून वरिष्ठ चिडले आणि त्याला काढून टाकलं. पुढे दिसून आलं की ज्यांना त्याने शेवटपर्यंत औषध दिलं त्यांचा आजार उलटला नाही. १९७२ मध्ये त्याला आणि हर्ट्झला लास्कर पुरस्कार मिळाला. आज जगभर आकडा सामान्य झाल्यावरही आणखी दोन-तीन फेऱ्या देतात, त्या यासाठी. आणि ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतून हे औषध आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या देशातल्या बाईने हे सलाइन लावून घेताना तेवढं नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मुलीच्या पोटात गाठ

अंडाशयातल्या 'जर्म सेल' गाठी शाळा-कॉलेजच्या वयात होतात. पोट काही आठवड्यांत वाढतं, दुखतं, कधी गाठीला पीळ बसून रात्री अचानक असह्य कळा येतात.

टाळा: लग्न न झालेल्या मुलीचं पोट दिसतंय आणि लघवीची चाचणी 'पॉझिटिव्ह' आली, एवढ्यावर तिच्यावर आळ घेऊ नका. यांतल्या काही गाठी गरोदरपणातलंच हार्मोन तयार करतात. आधी सोनोग्राफी. आजारी पोरीला घरात मान खाली घालून बसायला लावण्यात जो आठवडा जातो, त्यात गाठही वाढते आणि मुलगीही मनाने मोडते. आईने तिच्या बाजूने उभं राहावं.

करा: शस्त्रक्रियेआधी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन रक्तचाचण्या करून घ्या. मोठ्या बायकांसाठीची 'सीए-१२५' एकटी इथे पुरत नाही. ती चाचणी एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या टीबीतही वाढते, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर कोणाही बाईचं निदान ठरवू नये.

करा: 'दुसरं अंडाशय आणि गर्भाशय ठेवणार ना?' हे सर्जनना शस्त्रक्रियेआधी विचारा आणि संमतीपत्रावर तसं लिहून घ्या. या गाठी किमोला इतका चांगला प्रतिसाद देतात की आजार पसरलेला असला तरी पुष्कळदा फक्त बाधित बाजू काढून भागतं. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन या तीन औषधांनी बहुतेक मुली बऱ्या होतात. पाळी पुन्हा सुरू होते, पुढे मुलंही होतात. सोळा वर्षांच्या मुलीची दोन्ही अंडाशयं घाईने काढून टाकणं ही मला या संपूर्ण यादीतली सर्वांत दुःखद चूक वाटते.

टाळा: संशयास्पद गाठीत सुई घालून 'पाणी काढून बघू' याला होकार देऊ नका. कॅन्सर असेल तर पेशी पोटात सांडतात आणि पहिल्या टप्प्यातला आजार पुढे सरकतो. गाठ अखंड बाहेर यायला हवी.

करा: ब्लिओमायसिन घेतलेल्या मुलीने एक चिठ्ठी कायम जवळ ठेवावी. पुढे सिझेरियन असो की अपेंडिक्स, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध घेतल्याचं कळायला हवं, कारण त्याचा फुप्फुसावर परिणाम होतो आणि ऑक्सिजन जपून द्यावा लागतो. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यानेही आता थांबावं.

अगदी लहान मुलींबद्दल एकच. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात थोडं रक्त दिसतं, ते आईच्या हार्मोनमुळे, साधं. त्यानंतर तान्ह्या किंवा चालू लागलेल्या मुलीच्या लंगोटात रक्त दिसलं, किंवा योनीतून द्राक्षासारखं काही बाहेर येताना दिसलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. हे एका दुर्मिळ सार्कोमाचं लक्षण असू शकतं. तो किमोने आटोक्यात येतो आणि आता बहुतेकदा अवयव वाचवता येतात.

फायब्रॉइड की सार्कोमा?

बहुतेक फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, निरुपद्रवी असतात, हे आधी नीट लक्षात घ्या.

करा: पाळी गेल्यानंतर फायब्रॉइड वाढत असेल किंवा रक्त जात असेल तर एमआरआय आणि गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घ्या. पाळी गेल्यावर फायब्रॉइड आक्रसायला हवा.

टाळा: दुर्बिणीतून गाठ काढताना यंत्राने पोटातच तिचे तुकडे करून बाहेर काढतात, त्याला 'मॉर्सेलेशन' म्हणतात. आत लपलेला सार्कोमा असेल तर तो पोटभर विखुरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याबद्दल इशारा दिला. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० बायकांत एकीला असा लपलेला सार्कोमा असतो, असा त्यांचा अंदाज होता. 'लहान छेद'चं आकर्षण मी समजू शकते, लवकर कामावर जायचं असतं. तरी विचारा: तुकडे करणार का? करणार असाल तर बंद थैलीत करणार का? वय पन्नाशीच्या पुढे असेल तर गाठ अखंड काढण्याचाच आग्रह धरा.

खाज, पांढरा डाग, काळा तीळ

योनीमुखाच्या कॅन्सरला उशीर होतो तो लाजेमुळे. हा कॅन्सर बाहेर, डोळ्यांना दिसणाऱ्या जागी असतो. तरी बाई वर्षानुवर्षं खाज सोसते, मेडिकलमधून मलम आणते, मुलीलाही सांगत नाही.

करा: महिन्यातून एकदा हातात आरसा घेऊन स्वतः बघा. कागदासारखी पातळ पांढरी झालेली कातडी, न भरणारी जखम, चामखिळीसारखी वाढ, नवा काळा डाग, यांपैकी काही दिसलं तर दाखवा. पांढऱ्या कातडीचा एक आजार, लायकेन स्क्लेरोसस, स्टेरॉइडच्या मलमाने आटोक्यात राहतो आणि तो आटोक्यात ठेवला तर कॅन्सरचा धोका कमी होतो. ते मलम डॉक्टर सांगतील तसंच आणि तितकाच काळ लावायचं.

करा: पुरुष डॉक्टरांसमोर संकोच वाटत असेल तर बाई डॉक्टर मागा, किंवा सोबत नर्स हवी म्हणून सांगा. तो तुमचा हक्क आहे.

करा: शस्त्रक्रिया सुचवली तर जांघेतल्या गाठींचं काय करणार ते विचारा. कॅन्सर चार सेंटिमीटरपेक्षा लहान आणि एकाच ठिकाणी असेल, जांघेत संशयास्पद गाठी नसतील, तर 'सेंटिनल नोड' पद्धतीने मोजक्याच गाठी काढून तपासता येतात. सगळ्या काढल्या की पाय सुजण्याचा त्रास जन्मभर मागे लागू शकतो. तशी वेळ आलीच तर घट्ट होणारी जोडवी काढून ठेवा, शेतात अनवाणी जाऊ नका, पायाच्या लहानशा जखमेकडेही लगेच लक्ष द्या.

टाळा: तुकडा न तपासता महिनोन्महिने मलमं बदलत राहू नका. काही आठवड्यांत फरक नाही म्हणजे बायोप्सी. जागा सुन्न करून होते, थोड्या मिनिटांचं काम.

टाळा: 'पिशवी काढलीय, आता कसला कॅन्सर' असं गृहीत धरू नका. योनीमार्ग जागेवरच असतो. पिशवी नसताना रक्त किंवा दुर्गंधी पाणी जाऊ लागलं तर आतून तपासणी करून घ्याच. योनीमार्गातली गाठ पुष्कळदा दुसऱ्या अवयवातून आलेली असते, तेव्हा मूळ शोधणंही आलं.

या दोन्ही जागच्या अनेक कॅन्सरांमागे एचपीव्ही विषाणू असतो, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचाच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही त्याच विषाणूवरची लस २०२३ मध्ये बाजारात आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दोन डोस पुरतात.

रेडिएशननंतर, आणि वर्षं उलटल्यावर

करा: योनीमार्गाला रेडिएशन दिल्यावर तो आकुंचन पावतो. ते टाळण्यासाठी 'डायलेटर' (मार्ग रुंद ठेवणारं साधन) वापरायचा असतो. कोणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. पुढच्या तपासण्या नीट व्हाव्यात म्हणूनही तो लागतो, त्यामुळे एकट्या आणि विधवा बायकांनाही तो समजावून सांगायला हवा.

टाळा: 'स्पर्शाने कॅन्सर लागतो' म्हणून बाईचं अंथरूण, ताट वेगळं करू नका. कॅन्सर असा लागत नाही.

करा: ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर झाला असेल तर तपासण्या आयुष्यभर चालू ठेवा. अंडाशयाची ही गाठ हळू वाढते आणि दहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही परत येते. तोवर डॉक्टर निवृत्त झालेले असतात, रुग्णालयाने जुन्या नोंदी काढून टाकलेल्या असतात, सुनेला सासूच्या जुन्या ऑपरेशनचं नावही माहीत नसतं. म्हणून पॅथॉलॉजीच्या अहवालाची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा, तिचा फोटो मुलीच्या फोनमध्ये ठेवा, आणि दिवाळीच्या साफसफाईत ती फाईल रद्दीत देऊ नका.